सरदार बोकड आणि जामखेडचा पार

जामखेडजवळच्या वाडीतला बजरंग टेम्पो चालवायचा, पण कुणी विचारलं तर स्वतःला कलाकार म्हणवायचा. त्याचा सरदार नावाचा बोकड हलगी वाजली की मागच्या दोन पायांवर नाचे. त्याच्या रील्स लाखभर लोक बघत, आणि तोंडात घास असतानाही बजरंगची नजर मोबाईलवरच्या आकड्यावर असे.

संगणकाचे क्लास घेणाऱ्या राजेश्वरीनं इंटरनेटवर 'पार' नावाची एक छोटी जागा उभी केली होती. ऊसतोडीला पांगलेल्या माणसांनी आणि घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांशी बोलावं, एवढाच हेतू. ती कुठल्या कंपनीच्या मालकीची नव्हती. देवळाली प्रवराकडच्या लोकांनी स्वतःचा वेगळा पार केला होता, आणि या पारावरून त्या पारावर हाक मारता येई.

बजरंगनं तिथंही सरदारला नाचवलं आणि खाली लिहिलं, 'फॉलो करा, भावांनो.' कुणी हूं की चूं केलं नाही. तिथं साळूबाई मोबाईलमध्ये आवाज भरून देवळालीकडं ऊसतोडीला गेलेल्या लेकाला, आसारामला, खोकला कमी झाला का ते विचारायची, आणि तिला चार जण काढ्याचे उपाय सांगायचे. बजरंग तक्रार घेऊन राजेश्वरीकडे गेला, की तुझा पार बंद पडलाय.

"चालूच आहे की," ती म्हणाली. "बजरंगदादा, तू आजवर कुणाला उत्तर दिलंस का?"

बजरंगला प्रश्नच समजला नाही.

ऊसतोडीच्या उरलेल्या टोळ्या ट्रकमध्ये बसून देवळालीजवळच्या कारखान्याकडे निघाल्या, त्याच दिवशी सरदार गायब झाला. बजरंगनं रडून व्हिडिओ केला. तो तुफान चालला. लोकांनी बदाम पाठवले, कुणी बिर्याणी कशी झाली म्हणून विचारलं, एकानं नवा बोकड स्वस्तात देतो म्हणून नंबर टाकला. सरदार मात्र सापडेना.

शेवटी नाइलाजानं त्यानं पारावर लिहिलं, 'माजा बोकड हरवलाय. कुनी पाहिला का?' लगेच विचारणा सुरू झाली. रंग कसा, गळ्यात काय, शेवटचा कुठं दिसला? साळूबाईनं सांगितलं, की तो ट्रकाभोवती घुटमळत होता. राजेश्वरीनं निरोप देवळालीच्या पारावर धाडला. दुसऱ्या दिवशी आसारामनं पाठवलेला फोटो आला. टोळीतल्या शेळ्यांबरोबर सरदारही ट्रकात चढला होता, आणि आता टोळीच्या कोप्यांपुढं, पाचटाच्या त्या झोपड्यांपुढं उभा राहून उसाच्या हिरव्या शेंड्यांचं वाढं खात होता.

"लई मजेत हाय," आसारामनं सांगितलं. "पर सांबाळून न्या. शेळ्यांत रमलाय."

बजरंग निघणार हे पारावर कळताच टेम्पो भरायला लागला. साळूबाईनं शेंगदाण्याची चटणी दिली, कुणी गोधडी, कुणी लेकीसाठी लोणचं. तिकडं पोचल्यावर प्रत्येक कोपीत चहा झाला, घरच्या गोष्टी निघाल्या. व्हिडिओ काढायचा राहूनच गेला, हे त्याला परतताना राहुरी सोडल्यावर आठवलं. मागं सरदार रुसून बसला होता.

वाढं खाऊन खाऊन सरदार अंगानं असा सुटला, की दोन पायांवर उभं राहणं त्याला झेपेना. रील्स थंडावल्या, बघणारे गळाले. बजरंगला पहिले काही दिवस चुटपुट लागली. पण देवळालीकडं जायचं झालं की तो आदल्या दिवशी पारावर विचारतो, 'उद्या जातोय, कुनाचं काय न्यायचंय का?' आणि मग संध्याकाळभर उत्तरं देत बसतो. परवा बायको सविता भाकरी वाढून कधीची थांबली होती, आणि हा आसारामला मेथीचे लाडू नेमके कुणाकडून आलेत ते समजावून सांगत होता.