दिसलं तेवढंच

आयत तम्लिल या डोंगरगावातल्या बायकांनी सव्वीस वर्षांत यामनाच्या तोंडून 'बहुधा' हा शब्द कधी ऐकला नव्हता. पोटावर हात ठेवायचा, डोळे अर्धे मिटायचे आणि सांगून टाकायचं: डोकं खाली, पाठ डावीकडे, पुढच्या बाजाराच्या आत मोकळी होशील. बाई मग त्या बाजाराला जायचं रद्द करायची. यामना कधी चुकत नव्हती असं नाही, पण ती चुकली की गावाला वाटायचं, पोराचंच काहीतरी चुकलं असणार.

तिचे वडील दुसऱ्यांची अक्रोडाची झाडं झोडपून द्यायचे, त्यांची बोटं बारा महिने काळी. सहा मुलींतली ही चौथी. गावात शाळा आली त्या वर्षी मोठ्या तिघींचं वय निघून गेलं होतं आणि धाकट्या दोघी अजून रांगत होत्या, म्हणून शाळेत गेली ती ही. पुढे मेकनेस शहरात जाऊन सरकारी सुईणीचं शिक्षण घेतलं आणि खिंडीच्या अलीकडच्या या दवाखान्यात नेमणूक झाली. इथे डॉक्टर मंगळवारी यायचा, तोही बर्फ नसला तर. लग्न एकदा झालं, दोन वर्षं टिकलं. त्याबद्दल ती बोलत नाही आणि गावानंही विचारणं सोडून दिलं.

ती एक्कावन्न वर्षांची झाली तेव्हा दवाखान्यात सोनोग्राफीचं मशीन आलं. जेवणाच्या डब्याएवढं, वायरीला एक दांडा. शिकवायला फेस शहरातून डॉ. शैमा आली, वय एकोणतीस, पायांत पांढरे बूट. आठवडाभर राहून हात धरून शिकवणार आणि नंतर दर मंगळवारी येणार, मधल्या दिवसांत फोनवर. तीस तपासण्यांचं एक कार्ड होतं. तीस ओळी भरल्या की सही, आणि सही झाली नाही तर मशीन खालच्या खोऱ्यातल्या दवाखान्याला जाणार. तिथली तरुण सुईण रोज फोन करून, नावाआधी मानाचं 'लल्ला' लावून, विचारत असे, लल्ला यामनाचं काही जमतंय का.

जमत नव्हतं. हातांना सगळं कळायचं आणि डोळ्यांना काही नाही. पडद्यावर धुकं, धुक्यात राखाडी ढग. तिसऱ्या तपासणीला तिला एक मोठं, काळंभोर, सुंदर तळं सापडलं. तिनं बाईला लगेच सांगून टाकलं की पोराभोवती पाणी भरपूर आहे, काळजी नको. डॉ. शैमानं दांडा दोन बोटं वर सरकवला आणि हळूच सांगितलं, "लल्ला, ती हिची लघवी आहे." बाई इतकी हसली की पडद्यावरचं तळंही हलायला लागलं.

डॉ. शैमाचा नियम असा होता की मशीनला पाचच प्रश्न विचारायचे. गर्भ पिशवीत आहे का, ठोके आहेत का, गर्भ एक की जास्त, खाली काय आहे, वार कुठे आहे. सहावा प्रश्न, मुलगा की मुलगी, बायका विचारतीलच, त्याला उत्तर द्यायचं नाही. आणि जे दिसलं नाही ते 'नाही' म्हणून सांगायचं नाही. 'मला दिसत नाही' म्हणायचं आणि खिंडीपलीकडच्या इस्पितळात पाठवायचं.

हे शेवटचं यामनाला पटलं नाही. ती म्हणाली, असं म्हणणाऱ्या सुईणीसमोर कोण पाय पसरेल? डॉ. शैमा त्यावर वाद घालत बसली नाही. तिनं 'मला दिसत नाही' हे वाक्य कार्डाच्या मागे लिहून ठेवलं.

एकोणीस ओळी भरल्या आणि रमजान लागला. थंडी होती, खिंडीत रस्त्याच्या दोन्ही कडांना बर्फ. दुपारी एकच्या सुमाराला हद्दा आपल्या सुनेला, तूदाला, घेऊन आली. हद्दा साठीची, गावात कुणाचं काय शिजतंय ते वासावरून सांगणारी. बाहेरच्या बाकावरच्या दोघींना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं जाहीर केलं की सुनेच्या पोटात वारा धरलाय, रोजा सोडतानाची कालची हरीराची पेज जड झाली. दार लागताच तिचा आवाज उतरला.

"पाळी चुकून तीन आठवडे झालेत. उजवीकडे दुखतंय, कालपासून डागही लागतोय. रोजा धरायलाच लावलाय मी हिला. सोडला असता तर सगळ्यांना कळलं असतं. आता तुझा डबा काढ आणि सांग."

तूदाला याआधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं निसटलं होतं. पहिल्या वेळी हद्दाच एका लग्नात बोलून बसली होती. दुसऱ्या वेळी बोलली तूदाची आई. दोन्ही वेळा दृष्ट लागली यावर दोन्ही घरांचं एकमत होतं, कुणाची लागली यावर नव्हतं. यावेळी घराबाहेर चकार शब्द जाऊ द्यायचा नाही असं ठरलं होतं.

यामनानं नाडी बघितली, रक्तदाब बघितला. दोन्ही बरे. मग सव्वीस वर्षांच्या सवयीनं तूदाच्या हातात प्लास्टिकचा पेला दिला आणि तिला अंगणातल्या मोरीकडे पाठवलं. पट्टीवर दोन रेघा उमटल्या. तूदाला खाटेवर झोपवून दांडा पोटावर टेकवला तेव्हा तिला आपली चूक कळली. गर्भ इतका लहान असताना पोटावरून बघायचं तर लघवीची पिशवी भरलेली हवी, तिच्या पाण्यातूनच मागचं दिसतं. ती पिशवी यामनानं स्वतःच रिकामी करवली होती, आणि पहाटेपासून पाण्याचा थेंबही न घेतलेल्या बाईची पिशवी आपोआप भरणार नव्हती. पडद्यावर नुसती राख होती. त्या राखेत गर्भ गर्भाशयात आहे, त्याच्या बाजूच्या नळीत आहे, की कुठेच नाही, काही कळायला वाव नव्हता. आणि नळीत असला तर नळी कधी फुटेल याचा भरवसा नसतो. एक बाई तिनं तशी गमावली होती, नोकरीच्या अकराव्या वर्षी, खिंडीतल्या चौथ्या वळणावर.

चक्कर नव्हती, पोट मऊ होतं. तासभर हाताशी होता. तिनं पाण्याची बाटली पुढे केली आणि सगळी संपवायला सांगितली.

हद्दानं बाटलीवर हात ठेवला. देवाचं काय ते ती बघून घेणार होती, पोटुशीला माफी असते हे तिलाही ठाऊक होतं. प्रश्न बाकावरच्या दोघींचा होता. "भर दुपारी रोजा असलेली बाई दुसऱ्यांदा मोरीकडे पळाली की त्या बोटं मोजायला लागतील. आणि त्या दोघींना मोजता चांगलं येतं."

तूदा आल्यापासून एक अक्षर बोलली नव्हती. तिनं सासूचा हात बाजूला केला, बाटली घेतली, तोंडाला लावली आणि भिंतीकडे बघत पूर्ण रिकामी केली. मग दुसरी मागितली.

तास सरता सरेना. पहाटेपासून कोरडं पडलेलं शरीर आधी स्वतःची तहान भागवून घेतं, उरलेलं खाली सोडतं. बाकावरची एक डोकावली, तिला यामनानं रक्तदाबाचं कारण सांगून परत पाठवलं. अडीच वाजता पुन्हा दांडा ठेवला तेव्हा लघवीची पिशवी अर्धीमुर्धी भरली होती, पण त्यातून मागची गर्भपिशवी दिसली, आडव्या नासपतीसारखी. आणि नासपतीच्या मध्यावर एक काळा ठिपका.

यामनाचा श्वास मोकळा झाला. ठिपका बरोबर जागी होता. हद्दा तिच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि तिनं तो मोकळा श्वास बघितला.

"आहे ना?"

हो म्हणायला यामनाचं तोंड उघडलंही होतं. एका शब्दाचं काम. त्या शब्दानं तूदा घरी जाईल, गुपित घरात राहील, रात्री हरीरा उकळेल. पण ठिपक्याच्या आत एक बारीक पांढरं कडं दिसावं लागतं, लहान मुलीच्या अंगठीएवढं. कडं नसेल तर ठिपका नुसतं पाणीही असू शकतो. गर्भ नळीत अडकला तरी गर्भपिशवीत असं थोडं पाणी साठतं. दांडा तिनं इकडे फिरवला, तिकडे फिरवला, दाबला. कडं दिसावं म्हणून तिनं इतकं ताणून बघितलं की तिला ते दोनदा दिसलंही, आणि दोन्ही वेळा डोळे मिटून उघडल्यावर गेलं.

तिनं अंगणाच्या त्या कोपऱ्यात जाऊन फोन लावला जिथे आवाज नीट लागतो. चित्र पाठवलं, ते अर्धंच गेलं. डॉ. शैमानं एकच विचारलं.

"कडं दिसलं का, लल्ला?"

"ठिपका अगदी मधोमध आहे."

"कडं?"

अंगणात कोंबडी चिखल उकरत होती.

"नाही," यामना म्हणाली. "मला दिसत नाही."

आत येऊन तिनं तेच, तसंच्या तसं, दोघींना सांगितलं. हद्दाला आधी वाटलं ती काहीतरी लपवतेय. मग वाटलं मशीन बिघडलंय. मग म्हणाली की मशीन बाजूला ठेव आणि हात लाव, तुझे हात मेले का? यामनानं सांगितलं की इतक्या लहानाचं हाताला कळत नाही, कधीच कळत नव्हतं. हे वाक्य तिनं याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं, बहुतेक स्वतःलाही नाही.

सव्वातीनला ड्रायव्हर बास्सूनं रुग्णवाहिका दाराशी लावली. हाताला सुई लावलेली तूदा, बाजूला यामना, समोर शालीत तोंड झाकून हद्दा. बाकावरच्या दोघी उठून उभ्या राहिल्या. पोटात वारा धरला म्हणून यामना कधी कुणाबरोबर खिंड ओलांडत नाही हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

बांग झाली तेव्हा गाडी उताराला लागली होती. बास्सूनं गाडी न थांबवता मागे हात करून खजूर दिले. हद्दानं एक घेतला आणि तोंडातच धरून ठेवला.

इस्पितळातली डॉक्टर रोजा सोडता सोडता उठून आली होती. तिचं मशीन आतून बघणारं होतं. चार मिनिटं लागली. गर्भ पिशवीत होता, कडं होतं, फक्त तूदाच्या हिशेबापेक्षा आठवडा-दीड आठवड्यानं लहान. दुखत होती ती उजव्या अंडाशयातली एक गाठ, या दिवसांत असतेच, आपोआप जिरते. डॉक्टरनं हात धुताना विचारलं की एवढ्यासाठी खिंड ओलांडलीत? यामनानं हो म्हटलं.

परतीच्या वाटेवर हद्दा एकदाच बोलली, तेही खिडकीकडे तोंड करून. "तुझ्या डब्याला दिसलं नाही, पण अख्ख्या गावाला दिसलं."

ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशी दोन घरांतून तूदासाठी शिजवलेलं आलं आणि हद्दानं ते दोन्ही दारातूनच कोंबड्यांना घातलं. गावात बोललं जाऊ लागलं की लल्ला यामनाला दिसेनासं झालंय, वय कुणाला सोडतं? त्या आठवड्यात बाकावर चौघीच आल्या. त्यांतल्या तिघी आपसात ठरवून गेल्या की बाळंतपणाला शहरातच जावं. कार्डाच्या विसाव्या ओळीत यामनानं 'दिसलं नाही' लिहिलं आणि मग ती ओळ खोडली. मंगळवारी डॉ. शैमानं खोडलेल्याच्या वर तेच पुन्हा लिहिलं आणि पुढची बाई आत बोलावली.

बारा दिवसांनी तूदा आली. लपवायचं काही उरलं नव्हतं, तेव्हा घरूनच पाणी पिऊन निघाली होती. अंगणातून ती मांड्या आवळत अशी चालत आली की बास्सूनं तोंड फिरवून घेतलं. हद्दा मागोमाग. ती यामनाला सलाम न करता आत शिरली आणि खुर्ची ओढून मशीनकडे पाठ करून, भिंतीला तोंड लावून बसली. यामनानं तिला पडद्याकडे वळायला सांगितलं.

"मी नाही बघायची," हद्दा म्हणाली. "माझीच दृष्ट लागायची."

पडदा काळा-पांढरा झाला. ठिपका मोठा झाला होता, आत कडं होतं, न शोधता दिसणारं, आणि कड्याच्या शेजारी तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी. यामना दांडा धरून थांबली. तूदा छताकडे बघत होती, मुठी मिटून.

"बोल ना," भिंतीकडून आवाज आला.

यामनाचं तोंड सवयीनं हद्दाच्या पाठीकडे वळलं.

"माझ्याकडे बघून नको," पाठ न वळवताच हद्दा म्हणाली. "त्याच्याकडे बघून सांग."

यामना पुन्हा पडद्याकडे वळली. दाण्याच्या मधोमध काहीतरी लुकलुकत होतं. तिनं घड्याळ काढलं आणि ती पूर्ण एका मिनिटाचे ठोके मोजायला लागली.