टाळी न वाजवणारी पोरगी

इतकी वर्षं झाली, पण कापसाच्या गोदामातली ती संध्याकाळ अजून मनातून जात नाही. मी होमगार्डमध्ये होते. शिक्षण चौथीपर्यंतचं. पण ठाण्यात महिला कर्मचारी कमी, म्हणून बायकांशी बोलायचं काम निघालं की साहेब मलाच बोलवायचे.

दुपारी ठाण्यात फोन आला. आवाज बाईचा होता. "चर्चवाल्यांच्या नाचाला आज एक पोरगी येणार हाय. पंधरा वर्षांची. तिथूनच तिला गाडीत घालून नेणार हायत. उद्या सकाळी लगीन हाय." एवढं बोलून तिनं फोन ठेवला. नाव नाही, गाव नाही. अंमलदारानं डायरीला नोंद घेतली. साहेब म्हणाले, "वर्दी नको, साडीवर जा. पोरगी हेरा. आम्ही रस्त्यावर थांबतो."

चर्चचं छप्पर गळत होतं. दुरुस्तीसाठी मंडळींनी वडवणीच्या वाटेवरच्या गोदामात कार्यक्रम ठेवला होता. परदेशात शेतकरी कोठारात गोल करून नाचतात, तसा नाच. चर्चच्या पाळकांच्या सुनेनं तो बसवला होता. तिकीट सगळ्यांना खुलं, त्यामुळे आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसंही आलेली. लोक कडब्याच्या पेंढ्यांवर बसले होते. हलगी आणि पेटी वाजत होती. बायकापोरींचे दोन गोल, एक आत, एक बाहेर, समोरासमोर. सून ओरडायची, "दोन पावलं, टाळी, गिरकी, जोडी बदला!"

एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "ही तर फुगडीच हाय की बे. तिकीट कशाचं घेतलं?"

"छपराचं," दुसरा म्हणाला. "नाच फुकट हाय."

लोक हसत होते. मला हसू येईना. त्या वयाच्या पोरी पुष्कळ होत्या, आणि कोणाच्या कपाळावर उद्याचं लग्न लिहिलेलं नसतं. बाहेर गाडीचा आवाज आला की मी दाराकडे बघायचे. जागा बदलून बदलून बघत होते. चुकीच्या पोरीला हात घातला तर तिची गावात बदनामी होईल, आणि खरी निसटली तर संपलंच.

मग एक गोष्ट नजरेला खटकली. टाळीच्या वेळी सगळा गोल वाजायचा, एक पोरगी सोडून. पाऊल अचूक, गिरकी झकास, पण टाळी नाही. एवढ्या उकाड्यात अंगात स्वेटर, आणि बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या.

मी तिच्या समोरच्या गोलात शिरले. नाच येत नव्हता, दोघींच्या पायांवर पाय दिले. जोडी बदलता बदलता ती माझ्यासमोर आली तसा तिचा हात धरला. लोकरीखाली मनगटभर बांगड्या लागल्या.

ती कळवळली. "हळू धरा की बाई! एक जरी फुटली तर आई जीव घील माझा. उद्यापतूर जपायच्यात."

आमच्याकडे नवरीला हिरवा चुडा भरतात. लग्न लागण्याआधी तो फुटला तर अपशकुन मानतात. आईनं चुडा झाकला होता, पण काढला नव्हता. टाळी वाजवायची नाही, एवढं मात्र पोरीला बजावलं होतं.

पोरीनं दाखवली, आई पेंढीवर बसली होती. तिला गोदामामागे पाण्याच्या टाकीपाशी नेलं. "पोरीला स्वेटर कावून घातला?"

"अंगात कणकण हाय तिच्या."

"मग नाचायला कावून सोडली?"

"पोरींनी वढून नेली. समद्यांदेखत न्हाई कसं म्हणू?"

"आणि चुडा?"

ती हळूच म्हणाली, "गल्लीत अंगणवाडीच्या बाईला वास लागला होता. म्हणून हितून नेणार होतो."

मी निरोप धाडला, आणि साहेबांनी रस्त्यावर नवऱ्याकडची जीप अडवली. सकाळी शाळेतून वयाची खात्री झाली. लग्न थांबलं.

ठाण्यात साहेबांनी आईला पुन्हा पुन्हा विचारलं, लग्न कोणी ठरवलं? मी शेजारी बसून विचारलं, "भ्या कशाचं वाटलं, बाई?"

तेव्हा ती बोलली. "आमी ऊस तोडायला जातो. फडावर पाचटाच्या कोपीत ऱ्हातो, त्या झोपडीला दार नसतं, निस्तं पोतं लटकवलेलं. गेल्या साली एक माणूस रातचं पोतं सारून आत बघायचा. मी लई रात्री जागून काढल्या. लगीन झालं की तिच्याशेजारी तिचा नवरा आसंल, मला झोप लागंल."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली.

बाल कल्याण समितीनं पोरीला बीडच्या मुलींच्या बालगृहात ठेवायचं ठरवलं. सोडायला मी गेले. फाटकाशी आई पोरीचा हात सोडेना. मला म्हणाली, "हितं रातच्याला दाराला आतून कडी असती का?"

मी आत गेले, मुलींच्या खोलीचं दार लावून पाहिलं, आणि येऊन सांगितलं, "असती." मगच तिनं हात सोडला.

पुढे अशा अनेक आया माझ्यासमोर बसल्या. लग्न कोणी ठरवलं, हे मी नंतर विचारायचे. आधी विचारायचे, तुमच्या कोपीला दार आहे का.