रेषा न उमटलेला अंगठा

हे मी आजवर कुणापाशीच बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही, आणि ज्या पोरांसाठी मी पुस्तकं लिहिते त्यांच्यापाशी तर नाहीच नाही. आज तुम्हाला सांगतेय — कावून, ते विचारू नका. विचारलंत तर मी परत गप्प होईन, आणि गप्प बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

मी पोरांसाठी रहस्यकथा लिहिते. माझी नायिका नववीत शिकते, बीडला राहते. दप्तरात तिच्या भिंग, ब्रश आणि चिकटपट्टी. पोलीस डोकं खाजवत बसतात आणि ही बया कपबशीवरच्या ठशावरून चोर धरून देते. 'माणसं खोटं बोलतात, पुरावा कधीच नाही' — हे तिचं पालुपद. मी शाळांमध्ये कार्यक्रमाला गेले की पोरं ते एका सुरात म्हणून दाखवतात, आणि मी हसून टाळ्या वाजवते. काय करणार दुसरं?

आता सरूचं सांगते. सांगायचंय ते तिचंच आहे, मीच उगाच इकडं तिकडं करतेय.

आमचं गाव आष्टी तालुक्यातलं. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊस तोडायला जायचं. मागं राहिलेल्या पोरींसाठी शाळेतच वसतिगृह चालायचं — आईबाप परत येईपर्यंत दोन वेळचं जेवण आणि झोपायला सतरंजी. माझे वडील, अप्पा, शाळेचे हेडमास्तर; वसतिगृहही तेच बघायचे. सरू तिथं राहायची. माझ्याच वर्गात होती. त्याआधी चार-पाच हंगाम ती आईबापाबरोबर उसाच्या फडात राबलेली — पाचट ओढायची, मोळ्या बांधायची. वसतिगृह निघालं तेव्हा कुठं तिला सलग शाळा मिळाली. आणि पोरगी अशी हुशार, की गणितात मी तिचं बघून लिहायची. हेडमास्तरांची लेक, पण बघून लिहायची!

अप्पा तालुक्याच्या वाचनालयातून गुप्तहेरांची जुनी पुस्तकं आणायचे. आधी मी वाचायची, मग सरू. एका पुस्तकात ठसे कसे उचलायचे ते दिलं होतं. पेन्सिलीचं शिसं ब्लेडनं खरवडायचं, त्याची पूड ब्रशानं हलकेच फिरवायची, वर चिकटपट्टी दाबून उचलायची. ब्रश म्हणून आम्ही अप्पांचा दाढीचा जुना ब्रश लांबवला. शिसं खरवडायचं काम सरूचं, कारण तिचा हात जराही हलायचा नाही. तांबे, ताटल्या, शाळेची घंटा — आम्ही काही म्हणून सोडलं नाही. मोठं झाल्यावर दोघींनी मिळून हाच धंदा करायचा, हे पक्कं ठरलेलं. "हापीस बीडला टाकू," सरू म्हणायची, "हितं कोण चोऱ्या करतंय? हितं चोरायला हाय काय?"

आणि मग अप्पांचं घड्याळ गेलं.

वसतिगृहाच्या पंगतीत वाढताना अप्पा घड्याळ काढून स्वयंपाकघराच्या फळीवर एका स्टीलच्या डब्यात ठेवायचे. आजोबांची आठवण होती ती, जिवापाड जपायचे. एका दुपारी डबा उघडला तर आत काही नाही. अप्पांचा चेहरा उतरला, पोरींना ओळीत उभं केलं, दप्तरं झाडून झाली. आणि मला काय झालं सांगू? आनंद झाला. बाप हवालदिल होऊन उभा होता आणि मला वाटत होतं — आता खरी केस मिळाली!

मी ब्रश घेऊन आले. सरूनं पूड केली, डबा तिनंच धरला. झाकणावर एकच अंगठा निघाला. आकार अंगठ्याचा, पण आत रेषाच नाहीत, नुसता गुळगुळीत डाग. पट्टीच्या एका कडेला मात्र पांढरी रेघ आली होती. माझी पूड काळी. मग पांढरं कुठून आलं? — हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. मला तेव्हा काही कळलंच नाही, असं मी म्हणू शकत नाही. प्रश्न पडला, आणि मी ती पट्टी वहीत चिकटवून टाकली, कारण सगळे माझ्याकडं बघत होते.

अप्पांच्या टेबलावरचं शाईचं पॅड आणलं. पोरी रडकुंडीला आल्या होत्या. सरू पुढं झाली. "माझा आधी घे. म्हंजी बाकीच्या भिणार न्हाईत."

तिनं अंगठा टेकवला. कागदावर निळा डाग उमटला, रेषा नाहीत. आम्ही हसलो. तिनं अंगठा परकराला पुसला, पुन्हा टेकवला. पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी आम्ही हसलो नाही. उसाच्या पात्यांनी आणि पाचटानं तिच्या बोटांवरच्या रेषा घासून नेल्या होत्या. राहिलं साहिलं ते वसतिगृहाची भांडी राखेनं घासण्यात गेलं. हे तिलाही माहीत नव्हतं. शाईत बोट बुडवायची वेळ कुणावर येते? बाकी पोरींच्या रेषा निघाल्या. कुणाच्या फिक्या, कुणाच्या फिसकटलेल्या, पण निघाल्या.

अप्पांनी मला विचारलं, "नक्की?"

एकदा 'नाही' म्हणायचं होतं. निदान 'माहीत नाही' तरी. मी म्हणाले, "हाच."

सरूनं अप्पांकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. "अगं, मी कावून घेईन? मी तर डबा धरला न्हवं तुझ्यासाठी?" एवढंच बोलली. त्यात राग नव्हता हो, राग असता तर बरं झालं असतं. तिला खरोखरच कळत नव्हतं, आणि ती मला विचारत होती, कारण आमच्या दोघींत कळणारी मी होते.

अप्पांनी पोलिसांत दिलं नाही. गरिबाची पोर, बोभाटा नको म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी ऊसतोडीची माणसं नेणाऱ्या मुकादमाच्या ट्रकमधून तिला आईबापाकडं धाडून दिलं, फडावर. मी घरात बसून राहिले. ट्रक आमच्या दारावरूनच गेला.

गावात माझं कोण कौतुक! प्रार्थनेच्या वेळी मला पुढं बोलावून सगळी हकिकत सांगायला लावली. सरपंचांनी पाठीवर थाप मारली. 'इन्स्पेक्टरीणबाई' म्हणून लोक हाक मारायला लागले, आणि मला ते आवडायला लागलं.

चौथ्या दिवशी आईनं अप्पांचा कोट धुवायला टाक म्हणून दिला. खिसे बघावेत म्हणून हात घातला, तर खिसा फाटलेला. बोटं आत अस्तरात गेली आणि काहीतरी गार लागलं.

घड्याळ होतं.

अप्पांनीच डब्यातून काढून खिशात टाकलं होतं आणि विसरले होते. ते खिशातून घरंगळून अस्तरात गेलं होतं. आणि अप्पा दिवसभर तंबाखू मळायचे — अंगठ्यावर कायम चुन्याचा थर. रेषा दिसणार कुठून? ती पांढरी रेघ चुन्याची होती. रोज ज्या हातानं माझ्या डोक्यावर टपली बसायची, त्या हाताचा अंगठा मी ओळखला नाही. नाही, खरं सांगते, ओळखायला गेलेच नाही.

अप्पा अंगणात पेपर वाचत बसले होते, दहा पावलांवर. 'अप्पा' अशी हाक मारायची, बस्स. बाप माझा तापट होता पण अन्यायी नव्हता. तसाच उठला असता, मिळेल ती एसटी धरून फडावर गेला असता, पोरीपुढं हात जोडून तिला परत घेऊन आला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी घड्याळ ओढणीत गुंडाळलं आणि शाळेमागच्या पडक्या विहिरीत टाकून आले.

पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला समजावत राहिले की अप्पांची अब्रू वाचवली. कसली अब्रू अन् कसलं काय! मला इन्स्पेक्टरीणबाई राहायचं होतं. अप्पा गेले तेही सरूनंच चोरी केली ही समजूत घेऊन गेले.

सरू वसतिगृहात परत आली नाही. फडावर वयात येणारी पोरगी जवळ ठेवायची आईबापाला धास्ती. पुढच्याच वर्षी त्यांनी तिचं लग्न लावलं, आणि नवराबायको जोडीनं मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेऊन ऊस तोडायला लागले. मला हे आईकडून कळलं. भाकरी खाता खाता कळलं, आणि मी भाकरी पुरी खाल्ली.

आता यापुढचं सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगते. मला नावारूपाला आणलं ते माझं पहिलं पुस्तक, त्यातला चोर कोण होता? वसतिगृहातली एक पोरगी. कशावरून सापडते? तिच्या अंगठ्याला रेषा नसतात यावरून. काय भन्नाट कल्पना, म्हणाले सगळे. तुम्हाला हे सुचतं कुठून हो, असं विचारायचे. मी म्हणायची, सुचतं असंच.

गेल्या हिवाळ्यात आष्टीला एका शाळेत कार्यक्रम होता. शेवटी सह्यांसाठी रांग लागली. एक पोरगी पुढं आली, हातात तेच पुस्तक, पार पानं सुटलेलं. म्हणाली, "माझी आई सरू. तुमची मैत्रीण हाय म्हणती. मी तिला अख्खं वाचून दाखवलं."

मी कसंबसं विचारलं, "काय म्हणाली?"

"सवताच्या अंगठ्याकडं बघितलं. मग म्हणली, घड्याळ मी घेतलं न्हवतं असंच मला आठवतंय. पण ती लई हुशार हुती, तिनं शोधलंय म्हणल्यावर मीच घेतलं असंल, ध्यानात न्हाई राहिलं माझ्या."

कळतंय का तुम्हाला? इतकी वर्षं त्या बाईनं स्वतःच्या डोळ्यांवर, स्वतःच्या हातांवर विश्वास ठेवला नाही — माझ्यावर ठेवला. मला शिव्या दिल्या असत्या, गावभर माझं नाव घेतलं असतं, तर मी तेवढ्यावर सुटले असते. तिनं तेही केलं नाही. तिनं मलाच खरं धरलं आणि स्वतःला चोर ठरवून उसाच्या मोळ्या वाहिल्या.

सरूनं घड्याळ घेतलं नव्हतं. मला ते चौथ्या दिवसापासून माहीत आहे. त्या दिवशी आष्टीत तिची लेक माझ्यासमोर उभी होती, आणि हे एकच वाक्य बोलायचं होतं. तिनं जाऊन आईला सांगितलं असतं. मी पोरीला तिचं नाव विचारलं, पुस्तकावर 'सप्रेम' लिहून सही केली, आणि तिच्या मागच्या मुलाचं पुस्तक हातात घेतलं.