तीन मीटरचं खोटं

माझ्या बायकोचा डावा खांदा तीन आठवडे दुखत होता आणि मी त्याला रोज बाम चोळत होतो. प्रेमाने चोळत होतो, हे विशेष. वाडीत नारळ उचलताना लचकला असेल, हे निदानही माझंच. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. पण माझा एकूण लौकिक पाहता तिथेही नेम चुकेल.

आम्ही दिवेआगरला राहतो. मी ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणजे जसजसं खोल जावं तसतसा पाण्याचा दाब वाढतो, हे दर वर्षी फळ्यावर सिद्ध करून दाखवतो. चाळिशी उलटल्यावर आम्हा दोघांना पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात बुडायचा नाद लागला. आमच्या दारातला समुद्र गढूळ, पुढे केलेला स्वतःचा हात दिसत नाही. त्यामुळे सुट्टी लागली की मालवण. पहिलं वर्ष तिथल्या शिकवणाऱ्याच्या मागे शेपटासारखे फिरलो. मग आपले स्वतःचे डाइव्ह कॉम्प्युटर हवेत, असं माझ्या डोक्यात आलं.

मनगटावर बांधायचं हे यंत्र. आपण किती खोल आहोत, तिथे अजून किती मिनिटं राहता येईल आणि वर किती सावकाश यायचं, एवढं ते सांगतं. खोल पाण्यात श्वासातला नायट्रोजन अंगात मुरतो. हिशेबाबाहेर थांबलात किंवा घाईने वर आलात, तर गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर बाटलीत जे होतं ते तुमच्या सांध्यांत होतं. म्हणून यंत्र खरं बोलणारं हवं. बाकी रंग, पट्टा, काच, सगळं नंतर.

मी आधी रंग, पट्टा आणि काच पाहिली.

नवी मुंबईतला एक गृहस्थ वापरलेलं सामान विकायचा. त्याने दोन यंत्रं दाखवली. मी प्रश्न विचारायच्या आत म्हणाला, "सर, पीस एकदम ओके. आपल्या माणसाला टोपी घालेन का मी?" मी लगेच त्याचा आपला माणूस झालो. शेवटची तपासणी कधी झाली, दाबाखाली घालून कुणी पाहिलंय का, कागद आहे का, यातलं एक अक्षर विचारलं नाही. भाजीवालीकडे दोडका मी दहा वेळा दाबून बघतो.

घरी आल्यावर मात्र मी शास्त्रीय चाचणी घेतली. दोन्ही यंत्रं बादलीत बुडवली. दोन्ही चालू झाली. मी समाधानाने हात पुसले. बायको न्हाणीच्या दारात उभी होती. तिने विचारलं, "बादली किती खोल आहे रे?" मी बादली रिकामी केली. शिक्षकाला प्रश्न आवडतात ही अफवा आहे.

मालवणला पहिल्याच बुडीत दोघांचे आकडे जुळले नाहीत. शेजारी शेजारी, एकाच वाळूवर गुडघे टेकून बसलो होतो. माझं यंत्र जवळजवळ अठरा मीटर म्हणत होतं, तिचं पंधरासुद्धा नाही. होडीत आल्यावर तिने ते दाखवलं, तर मी म्हणालो, तू हात वर धरत असशील. तीन मीटर वर. माझ्या बायकोची उंची पाच फूट एक इंच आहे.

तिसऱ्या बुडीला तर मी कळसच केला. माझं यंत्र वाजायला लागलं, वेळ संपत आली. तिने माझ्या मनगटाकडे बोट दाखवलं आणि अंगठा वर केला, म्हणजे चल वर. समोर एक भलंमोठं कासव निवांत चरत होतं. मी तिचंच मनगट धरून तिच्या डोळ्यांसमोर नेलं. तिच्या यंत्रावर अजून अकरा मिनिटं शिल्लक होती. आपल्याला हवा तो आकडा एकीकडे मिळाला की दुसरीकडचा चुकीचा असणार, हे शास्त्र मी त्या क्षणी पाण्याखाली शोधून काढलं. आम्ही थांबलो. कासव आमच्या आधी निघून गेलं. त्याला अक्कल होती.

मला काहीच झालं नाही. तिचा खांदा त्याच रात्री धरला.

पुढच्या सहलीचं मी बोलायला लागलो, तेव्हा तिने अट घातली. दोन्हींतलं खोटं कोणतं हे आधी ठरव, नाहीतर मी पाण्यात उतरणार नाही आणि तूही नाहीस. म्हणून दिघीहून फेरीबोटीने दोघं आगरदांड्याला गेलो. तिथला एक म्हातारा नाखवा, म्हणजे होडीचा मालक, आमच्या ओळखीचा. त्याच्याकडे शिसं बांधलेली दोरी असते, दर वावाला एक गाठ मारलेली. दोन्ही हात पसरले की एक वाव. मी त्याच्यासमोर खिशातून पोलादी टेप काढली आणि त्याची दोरी मोजली. तो बिडी ओढत बघत बसला. सात वाव, माझ्या टेपने पावणेतेरा मीटर. गाठी बरोबर होत्या, याचा मला उगाचच राग आला.

पण तो होडी सोडेना. पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, उधाणाचं पाणी, खाडीला ओढ. म्हणाला, "मास्तर, अष्टमीला या. भांगाचं पानी मरतंय, तवा दोरी उभी ऱ्हाते. आज न्हाय व्हायाचं." भांग म्हणजे भरती-ओहोटीची ओढ मंदावते ते दिवस. मला रविवारची सुट्टी होती आणि अष्टमी गुरुवारी होती. मी त्याला ऐकवलं की हे उपकरण दाबावर चालतं, तिथीवर नाही. तो हसला आणि त्याने होडी काढली. मूर्खाला अडवण्यापेक्षा फिरवून आणणं सोपं असतं.

यंत्रं जाळीत घालून शिशाला बांधली आणि सातही वाव दोरी सोडली. वर काढून नोंद वाचली, तर माझ्यावर दहा आणि तिच्यावर सव्वासात. दोन्ही खोटी. माझं टाळकं सडकलं. खाडीच्या मध्यात उभा राहून मी त्या विक्रेत्याला फोन लावला आणि जे जे वर्गात बोलता येत नाही ते सगळं बोललो. त्याने मी थांबेपर्यंत ऐकून घेतलं आणि मग शांतपणे विचारलं, "सर, दोरी सरळ होती का?"

दोरी पतंगाच्या मांज्यासारखी तिरकी गेली होती. मी ती डोळ्यांनी पाहत होतो. एका लफंग्याने मला अकरावीचा त्रिकोण शिकवला, आणि मागे नाखवा खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवून बसला. बायकोने ते निमित्तही केलं नाही.

अष्टमीला रजा टाकून पुन्हा गेलो. पाणी थांबलेलं, दोरी ओळंब्यासारखी उभी. माझ्या यंत्रावर पावणेतेरा. तिच्यावर दहालाही कमी.

बायको सवयीने खांदा चोळत होती. नाखव्याने विचारलं, "वयनी, खांदा कवापास्नं?"

ती म्हणाली, "मालवणला बुडलो, त्याच रात्रीपासून."

त्याचा चुलता मुंबईच्या गोदीत पाणबुड्या होता. काम करून घरी आला की त्याचे सांधे असेच धरायचे, पुढे तो लंगडाच झाला, असं त्याने आम्हाला सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. तेवढी सभ्यता त्याने ठेवली.

मग बायको माझ्याकडे वळली.

"तुझं वाजत होतं ना?"

"वाजत होतं."

"मी वर चल म्हणत होते."

"हो."

परतीच्या फेरीबोटीत ती दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली.

पाणबुड्यांची दुखणी जाणणारा डॉक्टर मुंबईत सापडला. तो म्हणाला, इतक्या दिवसांनी छातीठोक सांगता येणार नाही, पण लक्षणं त्याचीच दिसतात; त्या रात्रीच यायला हवं होतं. काय उपचार केलेत, असं त्याने विचारलं. मी बामचं सांगितलं. त्याने चष्मा काढून मला नीट पाहून घेतलं. खांदा हळूहळू सुटला. नशीब तिचं, करणी माझी.

विक्रेत्याने मात्र मोठेपणा दाखवला. पीस परत पाठवा, दुसरा देतो, म्हणाला. आणि हा पीस? "निघेल हो सर, गिऱ्हाईक काय, रोजच येतं." म्हणजे माझ्यासारखाच आणखी एक शहाणा आणि त्याच्या शेजारी आणखी कुणाचा तरी खांदा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी यंत्र परत पाठवलं नाही. नारळ सोलायच्या पहारीने वाडीतल्या दगडावर त्याचा भुगा केला. पहिला घाव चुकलाच, पण दुसरा बसला.

नवी यंत्रं बायकोने निवडली. दुकानात बसून तिने इतके प्रश्न विचारले, की दुकानदार मधेच पाणी प्यायला. तपासणीचे कागद घरी तिच्या कपाटात असतात.

पुढच्या हंगामात पुन्हा मालवणला उतरलो. पाच मीटरवर तिने होडीच्या नांगराची दोरी धरली, आपलं मनगट पुढे केलं आणि माझं मागितलं. आकडे जुळेपर्यंत खाली जायचं नाही. पहिल्या दिवशी जुळले. दुसऱ्या दिवशी अर्ध्या मीटरचा फरक आला. अर्धा मीटर म्हणजे काहीच नाही, इतका फरक चालतो, हे मला पुस्तकासकट ठाऊक आहे. मी हातवारे करून समजावू लागलो. खाली पाणी काचेसारखं स्वच्छ होतं, महिन्यातून एखाद्या दिवशी असतं तसं. तिने अंगठा वर केला.

मी चरफडत तिच्या मागोमाग वर आलो.