लाँड्रीच्या मावशींची दहा मिनिटं

लाँड्रीच्या मावशींनी सव्वीस वर्षांत कधी चारचौघांत भाषण केलं नव्हतं. आता येत्या सोमवारी हॉस्पिटलच्या कमिटीपुढे दहा मिनिटं बोलायचं होतं. विषय एकच: चादरी धुण्याचं काम बाहेरच्या कंत्राटदाराला द्यायचं, की आहे त्या नऊजणींकडेच ठेवायचं.

घरी येताच त्यांनी नोटीस मुलीपुढे ठेवली. मुलीनं मुद्दे लिहून दिले.

"आई, पाठ करू नकोस. समोरच्या एकाकडे बघ आणि बोल."

"जीभ टाळ्याला चिकटली तर?"

"पाणी पी."

"पाणी पिताना हात थरथरला तर?"

"मग मीच जाते! नोकरीपण मीच करते!"

घरी हसं व्हायचं, म्हणून सराव लाँड्रीतच सुरू झाला. तीन मोठी मशीनं धडधडत असायची. सरावासाठी ती थांबवणं परवडणारं नव्हतं. मावशी ट्रॉलीला टेबल समजून उभ्या राहायच्या, बाकीच्या आठजणी घड्या घालता घालता कमिटी व्हायच्या. इस्त्रीवाली अध्यक्ष.

"मावशी, शेवटचं पोचलं नाही!" ती हात हलवून सांगायची. मावशी आवाज चढवायच्या. पाचव्या दिवशी शेवटच्या टेबलापर्यंत शब्दन् शब्द पोचला आणि मावशींची भीती निम्म्यावर आली.

सोमवारी त्या कमिटीच्या खोलीत शिरल्या. खाली गालिचा, दारं-खिडक्या बंद. मावशींनी तीन लांब श्वास घेतले, समोर बसलेल्या कानाच्या डॉक्टरांवर नजर रोखली आणि सुरुवात केली.

"नमस्कार! मी लाँड्रीची प्रमुख!"

अध्यक्षांचा चहा कागदांवर सांडला. शेजारच्या बाई खुर्चीसकट मागे सरकल्या. काय झालं म्हणून शिपाई दारातून आत डोकावला.

मावशींना काहीच उमगेना. "काही चुकलं का?" त्यांनी विचारलं, तेही त्याच पट्टीत.

डॉक्टरांनी फाईल तोंडासमोर धरली. काही क्षण गेले. सगळे मावशींकडे टक लावून बघत होते. मग फाईल खाली आली.

"त्या लाँड्रीच्या खोलीत किती वर्षं आहात, असं मी फाईलआडून तीनदा विचारलं," डॉक्टर एकेक शब्द सुटा करत म्हणाले. "ऐकू आलं?"

मावशींनी नकारार्थी मान हलवली. मुद्द्यांचा कागद हातातच राहिला.

अध्यक्ष कागद पुसत उभे राहिले आणि तेही मोठ्यानं बोलू लागले. "आधी तुम्हा नऊहीजणींचे कान तपासू. ठीक निघाले तर काम तुमच्याकडेच. नाहीतर बाई, ती खोली आम्हाला चालू ठेवता येणार नाही."

मावशी परत आल्या तेव्हा आठहीजणी भोवती गोळा झाल्या. "काय झालं? जिंकलो का?" मावशींना प्रत्येकीचं म्हणणं कळलं; आणि आपण प्रत्येकीच्या ओठांकडे बघतोय, हेही त्याच वेळी कळलं. हे कधीपासून चाललंय, त्यांना सांगता आलं नसतं.

त्यांनी मेन स्विच खाली ओढला. मशीनं घरघरत थांबली. मग आठजणींकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून त्या साध्या आवाजात म्हणाल्या, "ज्यांना ऐकू येतंय त्यांनी हात वर करा."

त्या वळल्या. आठहीजणींचे हात खालीच होते. मावशी कधी बोलतात याची वाट बघत सगळ्या त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.