धोंड्याच्या जेवणाला केनियाचा जावई

धाराशिवच्या स्टँडवर उतरलो आणि माझा नवरा, साडेसहा फुटांचा, काळाभोर, केनियाचा, बघता बघता प्रेक्षणीय स्थळ झाला. रसवंतीवाल्यानं यंत्र थांबवलं. पाच जणांनी सेल्फी काढले. रिक्षावाल्यानं मला विचारलं, "ताई, पाव्हणं क्रिकेट खेळतेत का?"

"न्हाय वो, पुण्यात कॉलेजात शिकवतो," नवराच म्हणाला.

"आयला, हे तर आपल्यातलंच निघालं!" रिक्षावाला खूश. मागून कुणीतरी "रातच्याला दिसायचा न्हाय" म्हणालं. मी वळून असं बघितलं की तो पानटपरीच्या आड गेला. नवरा हसत होता, पण माझा हात त्यानं घट्ट धरला होता. ही नजर त्याला रोजचीच. म्हणून काही हलकी होत नाही.

माझा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. अधिक महिना चालू होता. आमच्याकडे या महिन्यात लेक-जावयाला बोलावतात, जावयाचे पाय धुतात, पुरणाचे धोंडे जेवू घालतात, नवे कपडे देतात. आमंत्रण आईचं होतं. अप्पा आमच्या लग्नालाही आले नव्हते. लग्नाचा फोटो पाठवला, तर तो त्यांनी उघडूनही पाहिला नाही, असं आई म्हणायची. आता ते जावयाचे पाय धुणार होते की नाही?

घरी पोचलो, नवरा पाटावर बसला. आई तांब्या घेऊन उभी. अप्पा आतून येईनात.

शेवटी आले. खाली बसले, पाय धुतले, पुसले आणि कपडे पुढं केले. "घालून बघा, जावईबापू."

शर्टाच्या बाह्या बरोबर मनगटापर्यंत! पुण्यात त्याला तयार शर्ट कधी होत नाही.

"अप्पा, माप कुठून आणलंत?"

"फोटोवरनं. तू त्यांच्या खांद्याला लागतीस. अन् तुझी उंची चौकटीवर हाय की. बाकीचं शिंप्यानं बघितलं."

मी दाराशी धावले. दर दिवाळीला अप्पांनी पेन्सिलीनं ओढलेल्या माझ्या रेघा तिथं होत्या. शेवटच्या रेघेच्या चांगली फूटभर वर एक नवी रेघ होती. मला रडूच आलं.

नवरा त्या रेघेखाली जाऊन ताठ उभा राहिला. दोन बोटं कमी पडला.

अप्पांनी मान तिरकी करून बघितलं. "असू द्या. आज धोंडे पोटभर खावा. तीन वर्सांनी अधिक येतोयच, तवा परत माप घिऊ."