दोर फेकायची सवय

सुतारकाकांनी आयुष्यभर लोकांची दारं-खिडक्या केली आणि उतारवयात स्वतःसाठी काय केलं, तर होडी. छोटं इंजिन, वर छप्पर, आत दोघांपुरतं अंथरूण. वसंत आला की किनाऱ्याकिनाऱ्यानं बंदरं बघत जायचं, असं नवरा-बायकोनं ठरवलं होतं. वसंत आला. बायको थंडीतच गेली.

"एकटे कशाला जिवावर उदार होताय, बाबा?" लेक म्हणाली. "होडी विकून टाकू."

"नाही जमलं तर विकून टाक. पण एकदा जाऊन तर येऊ दे."

हट्टाला औषध नसतं. काका निघाले.

खाडीत सराव करताना दोघांची रीत ठरलेली होती. सुकाणू काकांकडे, बायको पुढच्या टोकाशी. धक्का जवळ आला की काका न बघताच "घे गं" म्हणत दोर फेकायचे आणि ती झेलून धक्क्यावर उतरायची. तिचा झेल कधी सुटला नाही, त्यामुळे यांनाही बघायची सवय लागली नाही.

पहिल्या बंदरात काकांनी तसाच दोर फेकला. तो होडीच्या पुढच्या रिकाम्या फळ्यांवर आपटून पाण्यात गेला. धक्क्यावरच्या पहारेकऱ्यानं काठीनं तो ओढून घेतला.

"कोणाला फेकलात, काका?"

काकांनी ओला दोर गुंडाळून ठेवला. त्या रात्री चूल पेटली नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या वेळी दोर इंजिनाच्या पंख्यात गुंतला. काका गार पाण्यात हात घालून तो सुरीनं कापत बसले, स्वतःला शिव्या घालत. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे मेली दुसरीच, आणि खोड तशीच राहिली.

तिसऱ्या बंदराआधी त्यांनी दोराचं एक टोक होडीच्या मधोमध बांधलं, दुसरं स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं. इंजिन मंद केलं, धक्का लागताच स्वतःच उतरले आणि खुंटाला दोन वेढे दिले. होडी मुकाट उभी राहिली.

"झकास लावलीत," कोणीतरी जाता जाता म्हणालं.

काका खुंटापाशीच बसले. तिच्यावाचून काही अडलं नव्हतं, याचंच त्यांना रडू आलं. चुकत होतं तोवर ती पुढे उभी असल्यासारखी होती. आता तिथे कोणी नव्हतं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "जमलं का हो, बाबा?"

"जमलं."

"मग पुढचं बंदर कुठलं?"

"विकून टाक," काका म्हणाले.